दादर पूर्वेचा ज्युदो क्लास : टॅप केला की खरंच सोडतात

पाचपैकी साडेतीन तारे. दीड कुठे गेला ते पुढे येईलच.

आधी एक खुलासा. क्लासचं नाव मी लिहीत नाहीये, कारण सरांनी स्पष्ट सांगितलंय, "नाव टाकू नकोस बाई, संध्याकाळची बॅच भरत आली आहे, लोक फोन करून डोकं खातात." नाव नसलेला रिव्ह्यू कोण वाचणार, असं माझी मावसबहीण म्हणाली. वाचणारे वाचतील. मला जे सांगायचंय त्यातलं बरंचसं दुसऱ्या कुठल्याही क्लासात नाव घालण्याआधी उपयोगी पडेल असं आहे. जागेपुरतं एवढंच : हिंदू कॉलनी आणि माटुंग्याच्या मधे कुठेतरी, जुन्या व्यायामशाळेचा पहिला मजला, खाली कॅरम खेळणारी काका मंडळी आणि शेजारी झेरॉक्सचं दुकान.

मी ऑटिस्टिक आहे. वय एकतीस, राहायला मुलुंडला, परळला एका सीएंच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्न भरते. निदान लहानपणी झालं नाही, नोकरी लागल्यावर झालं. तोवर मी घरात 'घुमी' आणि शाळेत 'फार लाडावलेली' होते. हे मुद्दाम सांगतेय, कारण ऑटिझम आणि कराटे-ज्युदो यावर मला आजवर जे वाचायला मिळालं ते कुणाच्या तरी आईने, बाबांनी नाहीतर थेरपिस्टने लिहिलेलं होतं. पोराला शिस्त लागली, पोरगं शांत झालं, नजरेला नजर द्यायला लागलं, असलंच सगळं. मी तिशी ओलांडलेली बाई आहे, फी माझ्या पगारातून जाते. शिस्त मला आहे, जरा जास्तच आहे. मला माणसं उचलून आपटायची होती.

ज्युदोच का, तर त्याआधी पश्चिम उपनगरातल्या एका किकबॉक्सिंगच्या जिममध्ये जाऊन आले होते. नाव इथेही नाही, बहुतेक ठिकाणी हाच थाट असतो. निळे-जांभळे दिवे, छातीत धडधडणारं म्युझिक आणि राउंड संपला की किंचाळणारा टायमर. ते एक वेळ सोसलं असतं. पण ट्रेनर न सांगता मागून येऊन कंबर धरून स्टान्स नीट करायचा, आणि मी दचकून असा हात फिरवायचे की एकदा त्याचं नाक थोडक्यात वाचलं. "पार्टनर घ्या" अशी आरोळी आली की डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळ्यांच्या जोड्या लागलेल्या, मी आणि सँडबॅग शिल्लक. खरा घोळ मात्र स्पारिंगचा, म्हणजे सरावाच्या लढतीचा. "लाइट मार, लाइट." लाइट म्हणजे किती? कुणाचं लाइट म्हणजे गालावर टिचकी, कुणाचं म्हणजे जबडा हलेल इतकं. विचारलं तर उत्तर मिळालं, "अगं, ते फीलने कळतं." मला फीलने कळत नाही. कळलं असतं तर निम्मं आयुष्य सोपं गेलं असतं.

आणि डोक्याला मार बसण्याचा प्रश्न आहेच. ऑटिस्टिक लोकांत फिट येण्याचं, म्हणजे अपस्माराचं, प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. मला फिट येत नाहीत, पण ज्यांना येतात त्यांनी न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय ठोसे खाण्याच्या खेळाच्या वाटेला जाऊ नये. खरं तर ज्युदोच्याही आधी विचारावं, पडणं तिथेही आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या स्पेशल ऑलिम्पिक्सच्या खेळांत ज्युदो आहे आणि बॉक्सिंग नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

ज्युदोत ठोसा नाही, लाथ नाही. पकड, फेक, जमिनीवर दाबून धरणं, आणि मोठ्यांना गळा आवळणं व कोपराचा सांधा ताणणं. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत कोडोकान ही आपली शाळा सुरू केली, तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतल्या ज्या डावांनी माणूस जायबंदी होईल ते मोकळ्या लढतीतून काढून काता म्हणजे ठरीव क्रमाच्या सरावापुरते ठेवले. म्हणून उरलेलं सगळं ताकद लावून करता येतं, लाइट-हेवीची भानगड नाही. समोरच्याने बाही धरायची, कॉलर धरायची, हे ठरलेलं. तो मला धरणार हे मला माहीत, मी त्याला धरणार हे त्याला माहीत. लेडीज डब्यात रोज घाटकोपरला जेवढं अंग अंगाला घासतं त्यातलं काहीच ठरलेलं नसतं, आणि ते घासणं संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यातून जात नाही.

क्लासात आल्या आल्या एक फॉर्म भरून घेतात. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढून काढून एका कडेला काळा पट्टा आलेला, एकपानी. नाव, रक्तगट, घरचा नंबर, आणि मग एक ओळ : 'जुनी दुखापत / कुठे हात लावलेला चालत नाही'. हा प्रश्न सगळ्यांना आहे, माझ्यासाठी मुद्दाम छापलेला नाही, मला तेच आवडलं. बँकेतल्या एका काकांनी तिथे 'उजवा गुडघा' लिहिलंय, कॉलेजातल्या एका मुलीने 'केस'. मी लिहिलं, 'मानेला मागून, न सांगता. समोरून कॉलर चालेल.' सरांनी वाचलं आणि विचारलं, "मागून गळा आवळायचा सराव असतो, त्याचं काय?" म्हटलं, आधी सांगितलं तर चालेल. "मग सांगू." विषय संपला. ऑटिझम म्हणजे नेमकं काय, माझ्या भाच्यालाही आहे, पण तू तशी वाटत नाहीस हो, यातलं एक अक्षर नाही. सर रेल्वेतून रिटायर झालेले. मोजकं बोलतात आणि बोलतात तेवढाच त्याचा अर्थ असतो, हा गुण मला आजवर फार थोड्या माणसांत दिसला.

हलका स्पर्श मला सोसत नाही. कुणी खांद्यावर नुसती बोटं टेकवली तरी तिथली कातडी बराच वेळ जागी राहते. पण पूर्ण वजनाचा दाब हवासा वाटतो. हे काही माझं एकटीचं खूळ नाही. टेम्पल ग्रँडिन या अमेरिकन पशुशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक. गुरांना लस टोचताना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा सांगाडा पाहून त्यांनी तरुणपणी स्वतःसाठी तसलंच दाबयंत्र बनवलं आणि १९९२ मध्ये त्यावर शोधनिबंधही लिहिला. माझं यंत्र म्हणजे सायनहून येणारी माझी नेहमीची पार्टनर, वजन अडुसष्ट किलो. ती "मान" असं मोठ्याने सांगते, मग माझ्या मानेखालून हात घालते, माझा उजवा हात काखेत आवळते आणि छातीवर सगळा भार टाकून बसते. याला केसा-गातामे म्हणतात. सामन्यात असं वीस सेकंद धरून ठेवलं की इप्पोन, खेळ खलास. सरावात सर त्याहून जास्त वेळ ठेवायला लावतात, खालच्याने सुटायचा प्रयत्न करायचा. मी करते प्रयत्न, अगदी मनापासून करते, पण नाही सुटले तरी माझी तक्रार नसते. दिवसभराच्या एक्सेलने आणि ऑफिसातल्या फडफडणाऱ्या ट्यूबलाइटने डोक्यात चढलेली कचकच तेवढ्यात उतरते.

हे सगळ्यांना लागू नाही, हेही सांगून ठेवते. आमच्याकडे एक ऑटिस्टिक मुलगा ट्रायलला आला होता. त्याला ज्युदोचं जाड कापडच अंगावर सहन होईना. बाहीचं टोक मनगटाला लागलं की तो हात झटकायचा. सरांनी आग्रह केला नाही, पुढच्या वेळी तो आला नाही. बरोबरच आहे. ज्युदो कापड धरून खेळायचा खेळ, कापडच नको असेल तर करणार काय?

आता टॅप. खरं तर हे सगळं मी टॅपसाठीच लिहायला घेतलं.

टॅप म्हणजे समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थाप मारायची. हात अडकले असतील तर पायाने. तोंडाने 'माइत्ता' म्हटलं तरी चालतं. थाप पडली की समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं. कुठल्याही ज्युदो किंवा जुजुत्सूच्या क्लासात विचारा, हाच नियम सांगतील. प्रत्यक्षात काय होतं ते बसून बघा. एके ठिकाणी मी चौकशीला गेले होते तर खालचा मुलगा थापा मारतोय, वरचा सीनियर हसत हसत "थांब रे, अजून थोडं" म्हणतोय, आणि कोच मोबाइलमध्ये. मी चपला घातल्या आणि जिना उतरले.

आमच्या क्लासात भिंतीवर कार्डशीट लावलंय, मार्करने लिहिलेलं, सरांच्या रेल्वे छापाच्या अक्षरात : 'थाप पडली की सोड. आधी सोड, मग बघ. काय झालं विचारू नकोस. थाप मारणाऱ्याने कारण देऊ नये.'

शेवटची दोन वाक्यं मी आणखी कुठे पाहिलेली नाहीत. ऐनवेळी ज्याची वाचा बसते त्यालाच त्यांची किंमत कळेल. उजेड, घाम, आवाज, वास, सगळं एकदम अंगावर आलं की मला शब्द सापडत नाहीत. काय म्हणायचंय ते ठाऊक असतं, तोंडातून बाहेर पडत नाही. अशा वेळी भोवती गोळा होऊन "काय झालं? लागलं का? पाणी आणू का? अगं बोल ना!" असा भडिमार झाला की होतं नव्हतं तेही जातं. आणि करणारी माणसं प्रेमानेच करत असतात, त्यामुळे रागावताही येत नाही. टॅपला शब्द लागत नाही. दोन थापा मारते, अंगावरचं वजन उतरतं, सायनची ताई दोन पावलं मागे सरकून मांडी घालून बसते आणि छताकडे बघते. मला लागेल तेवढा वेळ बघते. माझी बोटं तेव्हा एकमेकांवर आपटत असतात, त्यांना मी आवरत नाही. मग तिची बाही धरते आणि पुन्हा सुरू.

उलट बाजूनेही तेच. कुणाला दुखतंय हे मला चेहऱ्यावरून कळत नाही, आणि हे मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. ऑफिसात समोरचा वैतागलाय, कंटाळलाय की निघायच्या घाईत आहे याचे मी दिवसभर अंदाज बांधते आणि घरी जाईपर्यंत गळून जाते. मॅटवर बँकेतल्या काकांचा कोपर मी ताणला, त्यांनी थाप मारली, मी सोडला. कुणाला कुणाच्या मनातलं ओळखावं लागलं नाही. ऑटिस्टिक मुलांना मारामारीचे खेळ शिकवले तर ती अंगावर धावून जातील अशी भीती घालणारे लोक भेटतात, त्यांनी एकदा येऊन हे बघावं. आमचा निम्मा वेळ वेळेवर सोडण्याच्या सरावात जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे क्रम. फळ्यावर आठवडा लिहिलेला असतो : सोमवारी फेक, बुधवारी जमिनीवरचं, शुक्रवारी मोकळी लढत. रोज तोच वॉर्मअप, मग ब्रेकफॉल म्हणजे न लागता पडायचा सराव, मग उचिकोमी. उचिकोमी म्हणजे एकच डाव न फेकता पुन्हा पुन्हा घालायचा. ओसोतोगारी घ्या. डावं पाऊल त्याच्या उजव्या पावलाच्या बाहेर, कॉलरच्या हाताने त्याला त्याच्याच टाचेवर रेलायला लावायचं, छाती छातीला भिडवायची, मग उजवा पाय मागून फिरवून त्याचा पाय उडवायचा. पण उडवायच्या क्षणी थांबायचं आणि परत पहिल्यापासून. बाकीचे कंटाळून घड्याळ बघतात. मला सरांनी "बास" म्हटलं की वाईट वाटतं. आमचे कराडचे काका, खाशाबा जाधवांचं गोळेश्वर त्यांना शेजारीच, त्यामुळे १९५२ चं हेलसिंकी आणि ते ब्राँझ पदक दर भेटीत ऐकावं लागतं, तर त्यांनी याचा व्हिडिओ पाहिला आणि म्हणाले, "ही तर आपली बाहेरली टांग! जपान्यांना पैसे कशाला मोजतेस?" तुमच्या तालमीत मला आत घेतलं असतं का काका, असं विचारल्यावर त्यांनी उसाचा विषय काढला.

शेवटी तपासणी. सगळे गोल बसतात आणि सर क्रमाने म्हणवून घेतात : बोटं, मनगट, कोपर, खांदा, गुडघा, पायाची बोटं. प्रत्येकाने त्या त्या जागी हात लावून, हलवून बघायचं. काहींना हे बालवाडीसारखं वाटतं. पण माझ्यासारख्या पुष्कळांना दुखणं वेळेवर जाणवतच नाही. घरी पोचल्यावर आई विचारते, पायाचा अंगठा एवढा सुजला कशाने, आणि मी तोवर जिने चढून आलेली असते. हात लावून बघितलं की निदान सूज सापडते. ज्या क्लासात अशी काही पद्धत नाही तिथे ती आपली आपण ठेवा.

आता कापलेले तारे.

अर्धा आवाजाचा. ब्रेकफॉलला हात सपाट आपटून पडायचं असतं, म्हणजे धक्का पसरतो. वॉर्मअपला सगळी बॅच एकाच वेळी पडते आणि वर छप्पर पत्र्याचं. मी तेवढ्यापुरते फोमचे इअरप्लग घालते. रँदोरी म्हणजे मोकळी लढत सुरू झाली की काढते, कारण सरांचं 'मात्ते', म्हणजे थांबा, ऐकू यायला हवं. त्यातूनही ऐकलं नाही असं दिसलं तर ते जवळ येऊन दोघांच्या पाठीवर पंजा सपाट ठेवतात. बोटं टेकवत नाहीत, पूर्ण पंजा. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस कोसळला की मात्र मी त्या दिवसापुरती गाशा गुंडाळते. छताला काहीतरी लावून घ्या असं सरांना सुचवलंय. व्यायामशाळेचे ट्रस्टी म्हणे बघतो म्हणालेत. ट्रस्टी बघतच असतात.

एक पूर्ण तारा मात्र ऐनवेळच्या बदलांचा, आणि तो मी परत देणार नाही. गणपतीत हॉल मंडळाच्या सामानाला जातो, हे दरवर्षीचं आहे, तारखा कॅलेंडरात छापलेल्या असतात. तरी निरोप येतो त्याच दिवशी दुपारी, व्हॉट्सअॅपवर, चार 'गुड मॉर्निंग'च्या आणि एका वाढदिवसाच्या केकच्या मधे. सर गावी गेले की बदली म्हणून एक तरुण कोच येतो. मुलगा चांगला आहे, पण त्याला फळा वाचायची सवय नाही. "आज कुछ मजेदार करते हैं" म्हणतो आणि रिले रेस लावतो. मला मजेदार नको असतं, मला बुधवारी जमिनीवरचं हवं असतं. त्याला मी हे सांगितलं. "चिल, दीदी," म्हणाला. बदल आदल्या रात्री कळवा, एवढंच मागणं आहे, आणि ते माझ्याइतकंच डोंबिवली-विरारहून धडपडत येणाऱ्या प्रत्येकाच्या सोयीचं आहे.

ड्रेसबद्दल, कारण याची माहिती कुणी धड देत नाही. ज्युदोगी सुती, जाड विणीची, नवी असताना पुठ्ठ्यासारखी कडक. क्लासातून मिळणारी साधी २,२०० रुपयांना पडली. कॉलरच्या आतलं लेबल टोचतं, ते उसवून काढा. कात्रीने कापलं तर उरलेली कड जास्त टोचते. घालण्याआधी तीन-चार धुण्यांना लावा, गार पाण्यात, नाहीतर बाह्या आखडतात आणि नियमाप्रमाणे बाही मनगटापर्यंत हवी. बायकांना आत साधा पांढरा टीशर्ट घालायचाच असतो. तो जुना, मऊ, शिवण बाहेरून असलेला घेतला की निम्मा त्रास गेला. मुंबईच्या पावसात ही गी दोन दिवस वाळत नाही, आणि ओलसर गीचा वास मला मॅटवरून उठवून घरी पाठवू शकतो. म्हणून दुसरी घेतली. खर्च वाढला, इलाज नाही.

पालकांसाठी थोडं, कारण खाली तेच प्रश्न येणार. शनिवारी सकाळी लहान मुलांची बॅच असते, तिच्यात ऑटिस्टिक मुलंही आहेत, वेगळी काढलेली नाहीत. ताई, म्हणजे सरांच्या सहायक, दोन मुलांमागे एक मोठा विद्यार्थी ठेवतात. दादरला हे तसं अगदीच नवं नाही. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे सरांनी अंध मुलांनाही मल्लखांब शिकवलाय, त्यांना २०२४ ची पद्मश्री मिळाली. पण "याने ऑटिझम कमी होईल का" असं सरांना विचारू नका. ते म्हणतात, "मी ज्युदो शिकवतो."

अभ्यास झालेले आहेत. इराणमध्ये ऑटिस्टिक मुलांना चौदा आठवडे कराटेचे काता शिकवले आणि त्यांचं तेच ते हात हलवणं, डोलणं कमी झालं, असा निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आला. अमेरिकेत सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाने ऑटिस्टिक मुलांसाठी आठ आठवड्यांचा ज्युदोचा कार्यक्रम घेऊन मुलांची शारीरिक हालचाल किती वाढते ते मोजलं. दुसरं मोजमाप मला पटतं. पहिल्याचं काय करायचं ते कळत नाही. मी हात हलवते तेव्हा मला बरं वाटत असतं. ते कमी झालं की बघणाऱ्याला बरं वाटतं. मग सुधारणा नक्की कुणाची मोजली? मूल टॅप करायला शिकलं का, आणि घरात, शाळेत, फॅमिली फंक्शनमध्ये त्याने 'पुरे' अशी खूण केली तर मोठी माणसं थांबतात का, हे कुणीतरी मोजा. तो पेपर मी पैसे देऊन वाचीन.

स्पर्धांचं म्हणाल तर दोन्हीकडून अडकायला होतं. स्पेशल ऑलिम्पिक्स बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंसाठी आहे; ऑटिझम आहे पण बौद्धिक अक्षमता नाही, अशांना तिथे प्रवेश नाही. पॅरालिम्पिकमध्ये ज्युदो १९८८ पासून आहे, पण अंध आणि अंशतः अंध खेळाडूंचा. उरतात नेहमीच्या खुल्या स्पर्धा, म्हणजे स्टेडियमभर शिट्ट्या, लाउडस्पीकरवर चुकीची उच्चारलेली नावं आणि 'सकाळी नऊला या' म्हणून दुपारी चारला लागणारी लढत. मी सध्या जात नाही. सर आग्रह करत नाहीत. मुलांच्या आयांना ते सांगतात की जपानच्या ज्युदो संघटनेनेच २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धा बंद करून टाकली, जिंकण्याच्या हट्टापायी पोरांचे हाल होत होते म्हणून. तरी एक बाबा दर शनिवारी मेडलचं विचारतात.

पट्ट्याची परीक्षा देता येते, आणि मला ती एकटीला, बॅच सुटल्यावर देऊ दिली. टाळ्या नकोत असं सांगितलं होतं. कुणी वाजवल्या नाहीत. पिवळा पट्टा मिळाला, सायनच्या ताईने तो बांधताना दोन्ही टोकं सारखी येईपर्यंत तीनदा सोडून बांधला, कारण टोकं वरखाली असली की माझं लक्ष तिथेच राहतं हे तिला आता माहीत आहे.

किरकोळ बाबी. फी महिन्याला १,८०० रुपये, यूपीआय चालतं. यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं कार्ड कुणी मागत नाही, सवलतही नाही. बायकांची कपडे बदलायची खोली अरुंद आहे पण कडी लागते. पंखे चार, त्यातला खिडकीजवळचा खटखट करतो, त्याच्याखाली उभ्या राहू नका. जिना अरुंद, लिफ्ट नाही, गुडघेवाल्यांनी विचार करावा.

यायचं कसं, तर दादरला उतरू नका. डिसेंबर २०२३ मध्ये दादरच्या मध्य रेल्वेच्या फलाटांचे नंबर आठपासून चौदापर्यंत केले आणि माझ्या डोक्यातला नकाशा कुचकामी झाला, शिवाय संध्याकाळचा तो पूल म्हणजे शिक्षा. स्लो गाडी पकडून माटुंग्याला उतरा. स्टेशन लहान आहे, २०१७ पासून तिथला सगळा स्टाफ बायकांचा आहे, आणि बाहेर पडल्यावर पंधरा मिनिटं झाडांखालून सरळ चालत यायचं.

चौकशीला फोन करू नका, सर उचलत नाहीत. बुधवारी सातच्या आधी या, चपला काढायच्या जागेशी बाक आहे, त्यावर बसून एक अख्खी बॅच बघा. बघायचे पैसे घेत नाहीत आणि कुणी येऊन गप्पाही मारत नाही. फॉर्म ताईंकडे मिळतो. दर महिन्याच्या २० तारखेच्या आसपास मी नसते, जीएसटीआर-३बी हे रिटर्न भरायचं असतं.